सुपारी नसलेल्या दिवसांत आधी कान घरी आणा

प्रश्न साताऱ्याच्या एका ढोलकीवाल्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: दसऱ्यापासून लावणीच्या पार्टीबरोबर फिरतोय. यात्रा-जत्रा संपल्या, वैशाखात घरी आलोय. आता मधली एखाददुसरी सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, सोडली तर गणपतीपर्यंत काही नाही. पहिले दिवस झोपेत गेले. आता घरात करमत नाही, रात्री झोप येत नाही. आई म्हणते, हात रिकामा आहे तोवर दुसरं काहीतरी बघ. मला भीती वाटते ती हात बसण्याची. रोज किती तास रियाज करू? पार्टीवाले पुढच्या सीझनची उचल देतायत, ती घेऊ का?

मी मिरजेचा. तबला आणि ढोलकी दोन्ही वाजवतो. नाटक, भजन, ऑर्केस्ट्रा, लावणी, जिथून बोलावणं आलं तिथे गेलो. त्यातून जे समजलं ते सांगतो. तू वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

तास विचारलेस, तर आधी हाताचंच बोलू. हाताची काळजी सोड. सहा-सात महिने रोज रात्री वाजलेला हात दोन महिन्यांत कुठे जात नाही. थोडा जड होतो, बोटांवरचे घट्टे मऊ पडतात, आणि तालमी सुरू झाल्या की आठवड्याभरात सगळं जागेवर येतं. सीझन खरा खातो तो कान. पण कान दुखत नाही, सुजत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. वादक घरी येऊन हाताचाच रियाज वाढवतात आणि बिघडलेल्या कानानेच तो करतात.

स्टेजवर काय होतं ते तुला सांगायला नको. शेजारी ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम), पायाशी मॉनिटर, म्हणजे आपल्याला आपलं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर. तुझं तुला ऐकू येत नाही म्हणून तू ऑपरेटरला खूण करतोस, ‘ढोलकी वाढव.’ तो वाढवतो. मग कीबोर्डवाला म्हणतो, मलाही द्या. मध्यंतरापर्यंत सगळ्यांचं सगळं वाढलेलं असतं आणि कुणालाच काही ऐकू येत नसतं. याचा सरळ हिशोब आहे. 85 डेसिबलचा आवाज कान दिवसाला आठ तास झेलू शकतो आणि पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन तास. 100 ला पंधरा मिनिटं. लावणीच्या स्टेजवर 100 ही काही मोठी गोष्ट नाही, आणि आपण तिथे तीन तास बसतो.

म्हणून घरी आल्यावर पहिला आठवडा कानाला सुट्टी दे. हेडफोन बंद. ढोलकीची पिशवी उघडायचीच नाही असं नाही, पण बंद खोलीत जोरात वाजवायचं नाही. रात्री सगळं शांत झाल्यावर कानात बारीक शिट्टी वाजते का ते बघ. सीझननंतर दोन-तीन दिवस ती राहते आणि विरते. विरली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऐकण्याची तपासणी करून घे. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या धंद्यात पन्नाशीनंतर समोरच्याला ‘काय?’ असं दोनदा विचारणारे बरेच सापडतील. गेलेलं ऐकणं परत येत नाही. पुढच्या सीझनला वादकांसाठी मिळणारे कानातले बूच वापर. 15 डेसिबलनी आवाज उतरवणारे पुरतात. साधे फोमचे घेऊ नकोस, त्यात चाटीचा, म्हणजे पुडीच्या कडेवरच्या बोटाच्या ठोक्याचा, आवाज मरतो आणि वादक चिडून ते काढून टाकतो.

कानाचं दुसरं दुखणं लयीचं. तपासून बघ. फोनवर मेट्रोनोम 60 ला लाव, त्याच्याबरोबर चार आवर्तनं, म्हणजे तालाचे चार पूर्ण फेरे, केरवा धर, मग मेट्रोनोम बंद कर आणि पाच मिनिटं नुसता ठेका वाजव. तोडे नाहीत, लग्गी नाही, कसलीच सजावट नाही. हे सगळं रेकॉर्ड कर. नंतर शेवटच्या मिनिटाशी मेट्रोनोम जुळवून बघ. सीझन करून आलेल्याची लय चढलेली असते. 60 चं 68-70 झालेलं दिसलं तर नवल वाटून घेऊ नकोस. याचं कारण हाताचा नवखेपणा नव्हे. शिट्ट्या वाढल्या की नाचणारी अर्धं पाऊल आधी टाकते, तू तिच्या पायाकडे बघून वाजवतोस, आणि महिनोन्महिने हेच चालल्यावर चढती लयच कानाला सरळ वाटायला लागते. ज्या दिवशी बैठकीच्या लावणीला बसशील, गाणारी बाई शब्दावर थांबून भाव करेल आणि तुझा ठेका तिला मागून ढकलत राहील, त्या दिवशी हे कळेल. तिला तर पहिल्याच आवर्तनात कळलेलं असेल.

यावर औषध एकच, विलंबित, म्हणजे अगदी संथ लय. ढोलकीवर विलंबित कुणी वाजवत नाही हे मलाही ठाऊक आहे. मी हाताने ताल धरायला सांगतोय. एकताल घे, बारा मात्रांचा. धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. एक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे आवर्तनाला जवळजवळ मिनिट. मांडीवर टाळी दे आणि बोल तोंडाने म्हण. पहिल्या दिवशी तिसऱ्या मात्रेवरच घाई होईल. त्या ‘धागे’च्या पुढे मोकळी जागा आहे ती सोसत नाही, ‘तिरकिट’ आधीच तोंडातून सुटतो. तो जिथे पडायला हवा तिथे पडेपर्यंत बाकी काही करू नकोस. आमचे गुरुजी हे करायला लावायचे तेव्हा पोरं वैतागायची, मीही. पण ढोलकीवर घुमारा, म्हणजे डाव्या तोंडाचा घुमणारा आवाज, काढल्यावर तो संपेपर्यंत थांबण्याची हिंमत यातूनच येते. ती ज्याच्याकडे असते त्याचं वादन गर्दीतही वेगळं ऐकू येतं.

तिसरी गोष्ट सुराची. साताऱ्याहून मिरज लांब नाही, एखाद्या दिवशी ये आणि सतारमेकर गल्लीत कुणाही कारागिराच्या दुकानात तासभर बसायची परवानगी माग. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि आज देशभरच्या गवयांचे तंबोरे इथे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तू ये तो जवारी बघायला, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून ती टेकते ती घोडी घासतात ते काम. कारागीर तार सैल करून बाजूला सारतो, घोडीच्या पाठीवर कानस दोन-चार वेळा अलगद फिरवतो, तार परत चढवून छेडतो. मान हलवतो. परत सारतो. असं किती वेळा ते कानावर अवलंबून. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा तुकडा सरकवतो आणि तो नखाने पुढे-मागे करत राहतो. केसभर इकडे, तार बोथट. केसभर तिकडे, तार झणझणते. एका जागी सूत आलं की आवाज एकदम उघडतो आणि खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून गंधार (‘ग’) ऐकू यायला लागतो. तो गंधार कुणी छेडलेला नसतो, तारेतच असतो. तुला पहिल्या खेपेला ऐकू आला नाही तरी बसून राहा. फोनवरचा ट्यूनर हिरवा झाला म्हणजे ढोलकी लागली असं समजणाऱ्या पिढीला हा तासभर फार उपयोगी आहे.

किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेबसुद्धा आयुष्यभर दौऱ्यावरच होते. धारवाड, म्हैसूर, मद्रास असं फिरून परत येत ते मिरजेत. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून सिंगापेरुमाळ कोईल स्टेशनवर उतरले, आणि तिथे तंबोरे लावायला सांगून गायला बसले असं सांगतात. त्याच फलाटावर ते गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसाला तिथे गायक-वादक येऊन हजेरी लावतात. कधी तो योग आला तर तोही साध, बिदागीचा विचार न करता.

घरी तंबोरा नसला तर फोनवरचं अॅप चालेल, पण आवाज अगदी बारीक ठेव. काळी चार (पेटीच्या पट्टीवरून सांगितलेला सूर) लाव आणि ट्यूनरकडे न बघता ढोलकीची शाई, म्हणजे काळा गोल असलेलं तोंड, जुळव. मग सैल कर, पांढरी पाच लाव, परत जुळव. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

तर तास किती, याचं उत्तर: सकाळी पाऊण तास, संध्याकाळी अर्धा तास. त्यातला निम्मा वेळ वर सांगितलेल्या ताल-सुराला, उरलेला हातातून सुटलेल्या बोलांना. सीझनमध्ये चाललं म्हणून ढकललेले काही बोल असतात, ते फक्त तुला माहीत असतात. चार-चार तास घासू नकोस. घुमाऱ्याच्या हाताचं मनगट सीझनभर दाब खाऊन आलेलं असतं, त्याला या दिवसांतच उसंत मिळते. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र रियाज थांबवून दाखवून घे.

आता ढोलकी. हे काम सगळ्यात आधी, आणि तू लिहितोयस तोवर वैशाख संपत आलाय म्हणून घाई कर. पुडी (तोंडावरचं कातडं) बदलायची असेल, शाईला भेगा असतील, तर आत्ताच कारागिराकडे टाक. शाई थरावर थर देऊन, दगडाने घोटून वाळवत न्यावी लागते. एकदा मृग लागला आणि हवा ओली झाली की ते काम मनासारखं होत नाही, आणि गणपतीच्या तोंडावर सगळ्यांचीच वाद्यं त्याच्या दारात पडलेली असतात. त्या वेळी केलेली शाई नवरात्राच्या कोरड्या हवेत उडते. धुमेच्या, म्हणजे डाव्या तोंडाच्या, आतला मसालाही दाखवून घे, उन्हाळ्यात तो सुकून कड धरतो. नटबोल्टची ढोलकी असेल तर सगळे बोल्ट काढून पुसून तेलाचं बोट फिरव. दोरीची असेल तर कड्या उतरव. टिपेला ओढलेली ढोलकी तशीच दोन महिने खुंटीला लटकवायची नाही. पावसात कातडं ढिलं पडतं म्हणून लोक आणखी ताणतात, आणि ऊन पडलं की ते फाटतं. गॅसवर शेकणं तर मुळीच नको. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाक, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून फुकट मिळतात.

तुमचं घर उंचावर आहे म्हणून तुला हे जाणवणार नाही, पण सांगली-मिरजेकडचा कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी: जुलै लागला की वाद्यं माळ्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी 45 ची आहे. लोकांनी आधी कागदपत्रं आणि धान्य वर नेलं, ते बरोबरच होतं. पण पुराच्या पाण्यात राहिलेल्या पुड्या आणि फुगलेली खोडं परत वाजत नाहीत.

झोपेचं म्हणशील तर तुझं शरीर अजून पार्टीच्या घड्याळावर आहे. रात्री साडेनऊ-दहा वाजले की अंगात स्टेज चढतं. पाय हलायला लागतात, भूक लागते, मग कुणाला तरी फोन, आणि गप्पा दोन वाजेपर्यंत. दुसऱ्या टोकालाही असाच कुणीतरी जागा असतो. सकाळी अकराला उठायचं, तोवर आई भांड्यांचा आवाज न करता वावरते. चार दिवस हे ठीक आहे. पाचव्या दिवशी घर उठतं तेव्हा उठ, झोप झाली नसली तरी. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणाऱ्यांची रांग असते, त्यात सामील हो. दुपारी झोपू नकोस. आठवड्याभरात घड्याळ वळतं. फोनवरच्या मित्रांना नऊनंतर मी नाही म्हणून सांगून टाक. एखादा रुसेल, दसऱ्याला बोलेल.

आणि घरात पाहुण्यासारखा राहू नकोस. सहा-सात महिने तू नव्हतास तेव्हा गॅसची टाकी आली, वीजबिल भरलं, कुणाचं दुखलं-खुपलं ते निभावलं. तुझ्यावाचून चालायची घराला सवय झालेली असते. त्यात तू येऊन ‘मी आलोय’ म्हणून बसलास की दोन्हीकडून धुसफूस होते. कौतुकाचं काम मागू नकोस, रोजचं एक उचल. रेशन आण, बहिणीला क्लासला सोड, पत्रे गळत असतील तर चढून बघ. शेत असेल तर जा, फक्त उसाच्या पाल्यात आणि विळ्याशी बोटं सांभाळ. पहिल्या बोटाच्या पेरावर चीर पडली तर चाट महिनाभर गेली.

रात्रीची ती चुळबूळ मारायला भजनासारखं दुसरं काही नाही. गावात, पेठेत कुठेतरी एकादशीला नाहीतर गुरुवारी भजन असतंच. तिथे जा आणि पहिल्या दिवशी ढोलकी नेऊ नकोस, टाळ घे. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून तुमच्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. तिथे दोन दिवस एखाद्या दिंडीबरोबर चाल. पखवाज गळ्यात अडकवून चालणाऱ्या माणसाची लय त्याच्या पायात असते. अभंग चढला तरी पावलं पळत नाहीत, म्हणून लय पळत नाही. समोर मॉनिटर नाही, टाळांचा गजर आहे, आणि तरीही त्याला स्वतःचा पखवाज ऐकू येतो. कसा, ते त्याच्या शेजारी चालून बघ. विचारलंस तर तो हसेल आणि ‘वाजवा माउली’ म्हणून पखवाज तुझ्या गळ्यात घालेल. त्याची तयारी ठेव.

शिकवण्या घ्याव्यात का असं तू विचारलं नाहीस, पण आईच्या म्हणण्याला ते एक उत्तर आहे. घे, पण पालकांना पहिल्याच दिवशी सांग की दसऱ्यानंतर मी आठवड्यातून एकदाच भेटेन किंवा भेटणार नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबल्याची प्रारंभिक, प्रवेशिका करणारी पोरं भरपूर आहेत. नुसती ढोलकी शिकायला येणारे थोडे, म्हणून तुझा तबला किमान प्रवेशिका पूर्णपर्यंत पक्का असायला हवा. तो नसेल तर या दोन महिन्यांत तूच कुणाकडे तरी जाऊन बस.

राहिली उचल. फडात आणि पार्टीत ही रीत जुनी आहे. पावसाळ्यात कलावंताच्या घरी पैसा नसतो, मालक रक्कम देतो, आणि कलावंत पुढच्या सीझनला त्याच्याकडे बांधला जातो. मालक वाईट असतो असं नाही. त्यालाही दसऱ्याला फड उभा करायचा असतो आणि ढोलकीवाला ऐन वेळी पळाला तर त्याचा सीझन बुडतो. पण उचल फिटेपर्यंत नाईट, म्हणजे एका रात्रीच्या कार्यक्रमाचे पैसे, वाढवून मागता येत नाही, हे लक्षात घे. दुसरीकडून चांगली सुपारी आली तर जाता येत नाही. फिटत आली की पुढचा पावसाळा येतो आणि नवी उचल. दवाखान्यासाठी किंवा बहिणीच्या फीसाठी घ्यावी लागली तर घे, लाजू नकोस. नव्या मोबाईलसाठी, गाडीच्या डाउनपेमेंटसाठी, किंवा दोन महिने हातात काहीतरी असावं म्हणून घेऊ नकोस. येत्या सीझनपासून प्रत्येक नाईटचा चौथा हिस्सा आईच्या खात्यावर टाक. त्याच दिवशी टाक, महिनाअखेरीला नव्हे, कारण महिनाअखेरीला तो नसतो. तेवढ्यात ज्येष्ठ-आषाढ निघतो, आणि आईला तुझा हात रिकामा दिसत नाही.

घ्यायचीच वेळ आली तर तोंडी घेऊ नकोस. रक्कम किती, एका नाईटमागे किती कापायची, किती नाईट धरलेत, पावसाने किंवा आचारसंहितेने कार्यक्रम रद्द झाला तर ती नाईट कुणाच्या खाती, मधेच आजारी पडलास तर काय, हे सगळं साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. प्रत्येक कपातीची नोंद वहीत, तारखेसकट. त्या कागदाचा फोटो तुझ्या फोनमध्ये ठेव आणि आईच्या फोनमध्येही, कारण सीझनमध्ये तुझा फोन दोनदा तरी हरवतो.